पेटी चावणारे मास्तर

मला उभं केलं ते पेटीमास्तरांनी. हे आधी लिहून ठेवते. पुढचं अर्धवट वाचून तुम्ही त्यांच्याबद्दल भलतंच मनात धराल, अशी मला भीती वाटते. अकोल्यानं धरलंच होतं.

त्यांची एक सवय होती. गाण्याला बसताना ते पेटी पुढ्यात घेत, भाता सोडत, पांढरी एक दाबत आणि खाली वाकून पेटीच्या वरच्या लाकडी काठाला दात लावत. डोळे मिटलेले. सूर विरेपर्यंत तसेच. नवख्यांना वाटे, मास्तर पेटीला नमस्कार करतात. वस्तीतली पोरं ओरडत, "पाहा रे, मास्तर पेटी चावून राह्यले!" मास्तर वर पाहून हसत, काठावरची ओल शर्टाच्या बाहीनं पुसत आणि म्हणत, "हं. जागी हाय."

तेव्हा मीही हसायची.

मी शेंदूरजनाघाटची. बाप संत्र्याच्या बागेत राखणीला होता. तो गेला आणि माझी शाळा चौथीत सुटली. भाऊ अकोल्याला मालधक्क्यावर कामाला होता. त्यानं मला नेलं आणि जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, लावून दिलं. धम्मदीक्षेला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. वस्तीत नवं वारं होतं. संध्याकाळ झाली की पेटी-ढोलकी निघायची आणि नवी गाणी बसायची. आमच्या वस्तीच्या गाणाऱ्या पार्टीचे मुख्य गायक गुलाबराव, नगरपालिकेत कारकून. ढोलकीवर भाऊ. आणि पेटीवर मास्तर, ज्यांच्या नावावर लोक मूर्तिजापूर, बडनेऱ्याहून बोलावणं पाठवत.

मी नळावर भांडी घासताना गाणं म्हणत होते. मास्तर रस्त्याच्या पलीकडून चालले होते. ते थांबले. दुसऱ्या दिवशी भावाला म्हणाले, "तुयी बहीन पार्टीत पायजे."

"तिचं गानं तुमी कवा ऐकलं?" भाऊ म्हणाला.

"ती म्हनत होती तवा साऱ्या बायायचे हात थांबले होते. म्या हात पाह्यले."

भाऊ खूश झाला. मीही झाले. गाणं ऐकलं असं मास्तर म्हणाले नव्हते, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

शिकवणं मोठं कडक. ओळ म्हटली की, "पुन्हा म्हन. सुराले घाई नसते." तीन वेळा, चार वेळा. मला अगदी समोर बसवत, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे उजेड माझ्यावर पडे. पदर जरा वर गेला की म्हणत, "पदर तोंडावर घेऊ नोको, सूर दबते." काळी एक, काळी दोन, पांढरी चार, सगळ्या पट्ट्या त्यांनी माझ्याकडून घोटून घेतल्या. नुसतं गाणं नाही. समोरचा कोणत्या पट्टीत गातोय ते डोळे मिटून ओळखायचं. "काहून?" मी विचारलं. म्हणाले, "एका पार्टीत दोन कान असावे."

आणि दातांचं काय जपणं! कोणी भुईमुगाच्या शेंगा पुढे केल्या तरी हा माणूस हात जोडे. ऊस नाही, भाजलेलं कणीस नाही, कडक भाकरी वरणात बुडवून. सकाळी अर्धा तास निंबाची काडी. गुलाबराव चिडवायचे, "मास्तर, हे दात नवरीले दाखवाचे हायेत का?"

"पेटीले दाखवाचे हायेत," मास्तर म्हणत. सगळे हसत.

मग एका दिवाळीनंतर त्यांचा खालचा एक दात हलू लागला. हसण्यासारखी गोष्ट. पण त्या दिवशी मी मास्तरांचा चेहरा पाहिला तो अजून विसरले नाही. घरात कोणी दगावावं तसे ते बसले होते, जिभेनं तो दात आतल्या आत चाचपत.

त्यांचं लहानपण त्यांनी मला तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. बाप लहानपणीच गेलेला. माय जिनात. सातव्या वर्षापासून हे मायच्या पायाशी, यंत्राच्या पट्ट्याखाली पडलेली रुई गोळा करायला. "तिथं आवाज असा, का बोलनं म्हंजे नुसते ओठ हालनं. तुले तं मालूमच हाय."

मला मालूम होतं. जिनातल्या बाया अशाच बोलतात. यंत्र धडधडत असतं आणि बाया ओठांनी सगळं सांगतात: सासूची गाऱ्हाणी, भाजी काय केली, मुकादम आला, गप. आवाज एक नाही. आम्हा जिनवाल्यांना त्यात नवल वाटत नाही.

"त्या धडधडीतच मले पयला सूर सापडला," मास्तर म्हणाले. "मोठा पट्टा एका सुरात घुमे. म्या त्यात आवाज लावो. कोनाले ऐकू येत नसे, म्हून कोनी हटकत नसे." पुढे एक नाटक कंपनी अकोल्यात बुडाली आणि तिची मोडकी पेटी कचऱ्यात गेली. यांनी ती उचलून आणली. आतल्या सुराच्या पितळी पट्ट्या एकेक काढून कानशीनं घासल्या. जेवणाच्या सुट्टीत, शेजारची यंत्रं चालू असताना, पट्टी बसवायची आणि लाकडाला दात लावून पाहायचं, सूर आला का. "तिथं कानाचं कामच नव्हतं," ते म्हणाले. अशी त्या पेटीवर विद्या केली. विसाव्या वर्षी तमाशाच्या फडात पेटी वाजवली, तिशीत मास्तर झाले. गुरू कोणी नाही. विचारलं तर म्हणत, "पट्टा."

सगळं त्यांनी सांगितलं होतं. मीच ऐकत नव्हते.

मग तो दिवस आला. मला पडसं झालं होतं, घसा पार बसलेला. शिकवणी चुकवली तर मास्तर रागावतील म्हणून गेले. पहिल्या ओळीलाच आवाज फुटेना. मी नुसते ओठ हलवले, म्हटलं आता ओरडतील.

मास्तर माझ्या तोंडाकडे पाहत होते. बोटं पेटीवर बरोबर चालत होती. ओळ संपली. त्यांनी मान हलवली.

"व्वा. आज सूर लागला."

मी उठून त्यांच्या मागे गेले आणि खाकरून, जेवढा निघाला तेवढ्या आवाजात म्हटलं, "मास्तर, घराले आग लागली."

ते पेटीच्या पट्ट्या पुसत राहिले.

बाहेर जिनाचा भोंगा झाला तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. मी मागे उभी, हे पाहिलं. माझा चेहरा पाहिला. त्यांनी भाता बंद केला.

"अर्धे कान जिनातच गेले," ते म्हणाले. "बाकीचे हळूहळू. आता भोंगा येते, ढोलकी येते जराशी. पेटी दातात येते. पुरी येते, बाई. पन दात गेले का मंग खतम." आणि मग, "कोनाले सांगू नोको. शपथ घे."

मी घेतली.

त्यानंतर आमचं नवीनच सुरू झालं. आमच्याकडे सवाल-जवाबाच्या सामन्यात दोन पार्ट्या एकाच मंचावर बसतात. रीत अशी, की समोरच्यानं ज्या पट्टीत सवाल सोडला, त्याच पट्टीत जवाब उचलायचा. चुकलं की मैदान हसतं आणि हसलं की पार्टी गेली. आजवर मास्तर समोरच्या पेटीवाल्याची बोटं पाहून पट्टी धरत. आता ती बोटं त्यांना लांबून नीट दिसत नव्हती. म्हणून मी सवाल ऐकायची आणि जिनातल्या बाईसारखी ओठांनी सांगायची: काळी दोन. पांढरी एक. मास्तर माझ्या ओठांकडे पाहत आणि पेटी बिनचूक उघडत. आमची पार्टी एकही सामना हरेना. मास्तरांचा खालचा तो दात पडला, मग शेजारचा. ते आता काठाला कडेचे दात लावत, मान वाकडी करून.

आणि लोक पाहत होते.

जिनातल्या बायांनी बघितलं असतं तर तेव्हाच ओळखलं असतं. पण मंचापुढे होते पुरुष. त्यांना दिसली एक जवान पोरगी, आवाज न करता मास्तराशी ओठ हलवणारी, आणि पन्नाशीचा एकटा माणूस, तिच्या तोंडावरून नजर न काढणारा. आधी कुजबूज. मग भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहिलेलं. वहिनी माझ्याशी कमी बोलू लागली.

अमरावतीला राजापेठेत सामना होता, जयंतीच्या दिवसांतला, भर दुपारी. निघताना भाऊ म्हणाला, "आज मांगं बसाचं. पदर तोंडावरून घ्याचा. काढला तं पाय मोडीन."

"भाऊ, आयकून तं घे..."

"लोकायचं आयकून कान किटले माये."

मी मागे बसले. तोंड झाकून. मास्तरांनी एकदा वळून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

समोरच्या पार्टीनं सवाल टाकला आणि सवाल संपतानाच त्यांच्या गायकाला हार घालायला दहा माणसं मंचावर चढली. समोरची पेटी त्यांच्या पाठींमागे झाकून गेली. भावानं ढोलकीवर थाप दिली. गुलाबराव पेटीची वाट पाहू लागले. मास्तरांची बोटं पट्ट्यांवर तरंगत राहिली. काळी दोन होती. मला डोळे मिटूनही कळत होतं, त्यांनीच शिकवलं होतं. पण पदर धरलेला माझा हात सुटेना.

मास्तरांनी पांढरी एक दाबली.

मैदान हसलं. समोरचा गायक हार गळ्यात तसाच ठेवून माइकवर म्हणाला, "मास्तर, पेटी पाहा, बाई नोका पाहू!" मग तर शिट्ट्याच. मास्तरांना शिट्ट्या ऐकू येत नव्हत्या. त्यांना फक्त हसणारी तोंडं दिसत होती, हजारो. ते एकेका तोंडाकडे पाहत होते.

तेव्हा मी पदर काढला. उठून पुढे आले, त्यांच्या समोर बसले आणि ओठांनी म्हटलं, "काळी दोन." त्यांनी पेटी उघडली. गुलाबरावांच्या आधी मीच जवाब उचलला. पुढचं मला नीट आठवत नाही. मैदान गप्प झालं एवढं आठवतं, आणि मग लोक मलाच पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होते. माझं जे काही नाव झालं, ते त्या दुपारपासून. मास्तरांचं गेलं तेही त्याच दुपारी.

एस.टी. स्टँडवर भाऊ तिकिटाच्या रांगेत होता. मास्तर पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसलेले. मी जाऊन उभी राहिले. "मी सांगीन साऱ्यायले," मी म्हटलं, आवाज न करता. "खरं काय ते सांगीन."

"काय सांगशीन?"

"तुमाले ऐकू येत नाही म्हून..."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. पहिल्यांदाच. "बहिरा म्हनू नोको. बदमाश म्हनू दे. बदमाशाले उद्या दुसरी पार्टी घेईन. बहिऱ्या पेटीवाल्याले कोन घेईन, बाई?"

दुसऱ्या दिवशी गुलाबरावांच्या ओट्यावर बैठक झाली. भाऊ बोलला, गुलाबराव बोलले. मास्तर कोपऱ्यात, माझ्याकडे तोंड करून. कोणीतरी मला विचारलं, "बाई, तूच सांग. मास्तरायनं तुले काही म्हटलं?"

मी मास्तरांकडे पाहिलं. ओठांनी विचारलं, "सांगू?"

त्यांनी ओठांनीच म्हटलं, "चूप."

सगळ्यांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, अजूनही यांचं चाललंच आहे. भाऊ उठून मास्तरांच्या अंगावर गेला. लोकांनी धरला. मी चूप राहिले. मास्तर उठले, पेटी खांद्याला लावली आणि जिनाच्या बाजूनं गेले. मागून टांगा आला, टांगेवाला घंटी वाजवत होता, ओरडत होता. मास्तर रस्त्याच्या मधोमध चालत राहिले. टांगाच वळून गेला.

त्यांना दुसरी पार्टी मिळाली का, ते मला कळलं नाही. कोणी म्हणे खामगावकडे आहेत, कोणी म्हणे आता या जगातच नाहीत. दोन वर्षांनी मी अकोल्याला पेटी दुरुस्तीच्या दुकानात गेले होते. फळीवर एक जुनी पेटी होती. मी तिला ओळखलं. वरच्या काठावर लाकडात बारीक खड्ड्यांची रांग होती, मधे झिजून गुळगुळीत झालेली.

"कोनाची हो ही?" मी विचारलं.

"शेगावकडचा एक म्हातारा ठेवून गेला, आलाच नाही," दुकानदार म्हणाला. "पेटी चांगली हाय. काठ तेवढा उंदरायनं खाल्ला."

उंदरांनी खाल्ला. मी काही बोलले नाही. तेव्हाही नाही.

ती पेटी आता माझ्याजवळ आहे. मुलखापासून दूर, या शहरात, माझे कार्यक्रम असतात. प्रत्येकाआधी मी आत जाऊन पांढरी एक दाबते आणि त्या खड्ड्यांवर दात ठेवते. डोक्यात सूर भरतो. जागी आहे.

मास्तरांचं नाव मी इथं लिहिलं नाही. ते कुठं असतील आणि एखादी पार्टी त्यांना सांभाळत असेल, तर माझ्या लिहिण्यानं ती जागा जायला नको. पण ते आता नाहीत, असं एक दिवस पक्कं कळेल. त्या दिवशी मी राजापेठेच्या त्याच मैदानावर जाईन, पदर खांद्यावर ठेवून उभी राहीन. त्यांचं पूर्ण नाव माइकवर घेईन आणि ते कशानं ऐकत होते, ते सांगेन. मोठ्यानं सांगेन. मग काळी दोन लावीन.