कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलेली रुबी

आमच्या घरी एक कोळंबी वारली, तिला मी स्वतःच्या हातांनी कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं आणि तिसऱ्या दिवशी ती परत आली.

हसू नका! मी वसईचा माणूस, कोळंबी माझ्या रक्तात आहे. (रक्ताच्या रिपोर्टमध्येही आहे, तो भाग वेगळा.) पण ही कोळंबी खायची नव्हती, बघायची होती. शारजात अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुत्रा चालत नाही, म्हणून माझ्या तेरा वर्षांच्या लेकीने, रियाने, वर्षभर हट्ट करून हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी बसवून घेतली. त्यात दोन कोळंब्या. लाल अंग, पाठीवर पांढरा पट्टा, वीतभर मिशा. एक लिली आणि दुसरी रुबी, जिचा पट्टा जरा वाकडा आणि डावी मिशी अर्धी तुटलेली. एकेक ऐंशी दिरहमला, म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये! वसईहून आलेल्या सासूबाईंनी ते ऐकून छातीवर क्रूस काढला.

"एवढ्यात आमच्याकडे पाटीभर कोळंबी येते, विल्सन. वर कोळीण दोन बोंबील फुकट घालते."

कोळंब्या येऊन दोनच दिवस झाले आणि रिया आईबरोबर मावशीकडे फुजैराला निघाली, चार दिवसांसाठी. जाताना तिने टाकीच्या काचेवर सूचनांचा कागद चिकटवला. पाणी आटलं तर गोडं पाणी घाला, मीठ नको. खाणं चिमूटभर. तांब्याचं भांडं जवळपास आणू नका. सासूबाईंनी लगेच त्या कागदाच्या खालच्या टोकावर संत अँथनीचं चित्र डकवलं. (नव्या वस्तूला त्या चित्र लावतातच. आमच्या वॉशिंग मशिनवरही संत आहेत.)

"डॅडी, दे आर न्यू. न्यू वन्स डाय ईझिली. प्लीज डोन्ट किल देम."

"अगं, मी कशाला मारीन?"

ती नुसती बघत राहिली. त्या बघण्यात गोल्डी होता. गोल्डी म्हणजे आमचा आधीचा मासा. तो चार वर्षं जगला असं रियाला वाटतं. खरं तर तो तीनदा मेला होता आणि तिन्ही वेळा ती शाळेतून यायच्या आत मी दुसरा आणून सोडला होता. हे फक्त मला आणि देवाला ठाऊक. या वेळी लेकीचा विश्वास मोडायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

रविवारी सकाळी रुबी मेली.

बाहेर धुळीचं वादळ होतं, खिडकीत पिवळा अंधार. हॉलमध्ये टाकीचा निळा उजेड आणि पंपाची घरघर. रुबी वाळूवर पडली होती, पांढुरकी, आरपार दिसणारी. पाण्याच्या ओढीने तिचे पाय एकेक करून हलत होते. डोळ्यांच्या जागी नुसत्या काचा. डावी मिशी अर्धी. ओळख पटली.

"आत्मा गेला," सासूबाई कुजबुजल्या. "बघ, रंगसुद्धा बरोबर घेऊन गेला."

डोळे मिटून मी तिला जाळीने उचललं, टिश्यूत गुंडाळलं आणि गॅलरीतल्या कुंडीत पुरलं. सासूबाईंनी 'आमच्या बापा'ची प्रार्थना म्हटली. मग मी थेट रोल्लाच्या बाजारातलं माशांचं दुकान गाठलं.

"भाई, ऐसा झिंगा है क्या, जिसका लेफ्ट मूछ आधा है?"

दुकानदाराने मला नीट न्याहाळलं. "आधा क्यों? फुल ले जाओ, सेम प्राइस."

"फुल नहीं, हाफ ही मंगता!"

आधीची मेली हे सांगायची लाज वाटली. (सांगितलं असतं तर सगळा घोळ तिथेच खलास झाला असता!) शेवटी एक मिळाली, पण तुटकी मिशी उजवी निघाली. म्हटलं, रियाने विचारलं तर सांगू, तोंड फिरवून बसलीय. घरी पिशवी टाकीत तरंगत ठेवली आणि नळीने थेंब थेंब पाणी सोडत दोन तास उकिडवा बसलो. नव्या पाण्याचा धक्का बसला की कोळंबी आडवी होते, हे दुकानदाराने बजावलं होतं. माझे गुडघे आडवे झाले, कोळंबी मजेत.

सोमवारी लिली मेली. तशीच पांढरी, तशाच काचेच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत. पुन्हा टिश्यू, पुन्हा कुंडी, पुन्हा रोल्ला. सासूबाई आता टाकीसमोर रोझरीची माळ घेऊनच बसायला लागल्या.

"या घरात काहीतरी आहे, विल्सन."

"काही नाही हो आई!" मी म्हणालो, पण गॅलरीत एकटा जाईनासा झालो.

मंगळवारी दुपारी चहा घेत होतो. खडकाच्या बिळातून एक लांब पांढरी मिशी बाहेर आली. मग दुसरी. मग एक कोळंबी सावकाश चालत काचेपाशी येऊन थांबली. मी मोजलं. तीन! तिच्या मागून आणखी एक आली. चार! आणि पहिली ती रुबीच, त्याच बिळात राहणारी, तसाच वाकडा पट्टा. फक्त डावी मिशी आता पूर्ण वाढलेली!

"आई, ही... ही परत आली. रविवारी पुरली ती. आज तिसरा दिवस!"

"तिसऱ्या दिवशी कोण उठलं ते मला पक्कं ठाऊक आहे," सासूबाई कडाडल्या, "आणि ती कोळंबी नव्हती! कुंडी उकर!"

मी माती उकरली. टिश्यू होता. आत पाय होते, मिशा होत्या, डोकं होतं. पण आत मांसाचा कण नाही. पोकळ!

"आतून खाल्लंय कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या आणि माझा दंड धरला. (त्या माझा आधार घेत होत्या की मी त्यांचा, यावर आमचे अजून मतभेद आहेत.)

बुधवारी रिया आणि तिची आई परतल्या. टाकीत चार कोळंब्या आणि वाळूवर पाचवी, ताजी, पांढरी.

"डॅडी, व्हाय आर देअर फोर?"

रियाने बाही वर सारून पाण्यात हात घातला.

"हात लावू नकोस! ती मेलेली आहे!" मी किंचाळलो.

"धिस? इट्स जस्ट हर ओल्ड शेल." तिने ते बोटांनी चेपलं. कर्र वाजलं. "दे ग्रो, दे टेक इट ऑफ, दे हाइड. आय रोट इट!"

तिने संत अँथनींना हळूच सोलून बाजूला केलं. खाली लिहिलेलं होतं: त्या साल टाकतील. साल तिथेच राहू द्या, त्या ते खातात. डोन्ट पॅनिक, डॅडी.

मी सगळं सांगून टाकलं. कुंडी, रोल्ला, हाफ मूछ. रिया हसत हसत सोफ्यावर कोसळली आणि मग उठून माझ्याजवळ बसली.

"सेकंड गोल्डी हॅड अ ब्लॅक टेल, डॅडी. आय ऑल्वेज न्यू."

"मग बोलली का नाहीस गं?"

"यू लुक्ड सो सॅड."

चार वर्षं मी तिला सांभाळतोय असं समजत होतो, आणि पोर मला सांभाळत होती.

"साठ वर्षं मी कोळंबी सोलतेय," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "वसईत हे कुणाला कळलं तर याद राख, विल्सन!"

त्या दिवशी जेवायला कोळंबीचं कालवण होतं. पहिली कोळंबी सोलली, खाल्ली, साल अलगद टिश्यूत गुंडाळलं आणि तिघींच्या समोरून गॅलरीकडे निघालो.