सापळ्यापुढची बाई

मी तिसरीपर्यंतच शिकलो, पण मासा मले कोणी शिकवावा हे चालत नाही. म्हणून घाटंजीकडच्या आमच्या नाल्यात ती बाई उतरली, तेव्हा पहिला मीच ओरडलो. तिची सारी नोकरी समुद्रातल्या माशांच्या संशोधनात झालेली, आता रिटायर. केस पांढरे, पॅन्ट गुडघ्यावर गुंडाळलेली, अन् ओल्या हातानं सारखा चष्मा वर करायची सवय.

पाणी वाढलं की अंड्यावर आलेले मासे वर चढतात. बंधाऱ्याच्या तोंडाशी बांबूचे सापळे लावून आम्ही ते धरतो, बापजाद्यांपासून. ती नेमकी माह्या सापळ्यापुढं उभी राह्यली.

"सरका म्याडम, वाहून जासान."

"नाही सरकत, काका. अर्धी वाट माशांना सोडा."

"तुम्ही समुद्राच्या. आमच्या नाल्याचं तुमाले काय?"

"समुद्रात मी मासे मोजत राहिले आणि ते संपत गेले. आता मोजणार नाही, सापळे अडवणार."

लोक हसले. पाण्याच्या जोरानं तिचे पाय थरथरत होते, पण जागचे हलले नाहीत. एवढा हट्ट मी आजवर आरशातच पाह्यला होता.

मी सापळा उचलला. "तुमच्या सांगण्यानं नाही, माह्या मर्जीनं," मी बजावलं.

"चालेल," ती म्हणाली, अन् शेजारच्या सापळ्यापुढं जाऊन उभी राह्यली.