निरोपाचं पाणी

देव खरंच ऐकतो का, असा विचार माझ्या मनात कधी येईल असं वाटलं नव्हतं. इंदूरच्या दवाखान्यात तो आला. कुणाजवळ बोलले नाही, म्हणून लिहून ठेवते.

बहादरपुरला आमची केळीची बाग आहे. मालकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, साधा खोकला म्हणून दुखणं अंगावर काढलं आणि निमोनिया दोन्ही फुप्फुसांत उतरला. बुऱ्हाणपूरहून त्यांना इंदूरला नेलं. तिथे घशात नळी घालून श्वास दिला, तोही पुरेना. मग डॉक्टरांनी आणखी एक मशीन लावली. मांडीतून रक्त बाहेर यायचं, मशीनमध्ये ऑक्सिजन घ्यायचं आणि मानेतून परत अंगात जायचं. ज्याचं रक्त बाहेर फिरतं, तो माणूस आपला राहिला कुठे? पण विचारणार कुणाला? मी चौथी शिकलेली, त्यात लाजरी.

आमच्याकडे शेवटच्या घटकेला तोंडात तापीमाईचं पाणी घालतात. भेटायच्या वेळी मी ते बाटलीत घेऊन, पदराखाली लपवून आत गेले. मालक तसेच जाऊ नयेत, एवढंच मनात होतं. झाकण उघडलं आणि कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. तिथल्या आयाबाई होत्या, म्हाताऱ्या, खानदेशातल्या.

“अगं बाई, तोंडात नळी आहे ना! पाणी छातीत उतरलं म्हणजे?”

“मावशी, ते चाललेत हो.”

“कोण म्हणतं? तू डॉक्टर झालीस का? गाव कुठलं तुझं?”

“बहादरपूर.”

“म्हणजे केळीवाली. मग सांग, मोटर जळाली तर ती दुरुस्त होईपर्यंत शेजारच्याचं पाणी घेता की नाही? तशी ही मशीन. फुप्फुसाला आराम देते. आशा असते तिथेच लावतात, समझी?”

मी बाहेर आले. दाराजवळच्या लिंबाच्या मुळाशी पाणी ओतलं आणि म्हटलं, “माई, मी उगाच घाई केली. आता तू बघ.” नवस बोलले नाही. खूप दिवसांनी मला भूक लागली.

बऱ्याच दिवसांनी मशीन निघाली, मग नळीही. मालक घोगऱ्या आवाजात म्हणाले, “किती वाळलीस गं! आजारी मी होतो की तू?”

मावशींच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, “सरक, फरशी ओली आहे.”

देव काही देतो, एवढंच मला ठाऊक होतं. तो आपल्याला थांबवतोही, हे तिथे कळलं. माझं मनगट धरलेल्या त्या हाताला फिनाइलचा वास होता.