ताई मॅडमचा बंद पडदा

खंडेनवमीला आमच्या धारच्या हिंदी शाळेत नव्या स्मार्ट बोर्डाची पूजा झाली. झेंडूची माळ, कुंकू, पुढ्यात नारळ. पूजा आटोपली तरी बोर्डावरचं प्लास्टिक काढायची कुणाची छाती होईना. कुमुदताईंनी माळ बाजूला केली आणि ते टराटरा फाडलं. "पूजा झाली ना? आता कामाला लावा त्याला." मी शाळेत नवा होतो. विज्ञान शिकवणाऱ्या या बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. मुलं त्यांना ताई मॅडम म्हणत.

बाकीचे मास्तर फिल्म लावून खुशाल मोबाईल बघत बसत. त्या आळशीपणाची मला आजही चीड येते. ताई आदल्या दिवशी घरी फिल्म बघून टाचण काढायच्या: कुठे थांबायचं, काय विचारायचं, मुलांच्या हातात काय द्यायचं. "टाचण न काढता बोर्ड लावला की मास्तरही झोपतो आणि पोरंही," असं त्या स्टाफरूममध्ये सर्वांदेखत सुनवायच्या. वर्गात फिल्म ऐन रंगात आली की बटण दाबायच्या. "परदा चुप. अब तुम बोलो."

त्या दिवशी बी रुजण्याची फिल्म होती. बी फुगलं आणि ताईंनी पडदा बंद केला. आधी मूळ येणार की कोंब, यावर वर्ग हमरीतुमरीवर आला. मुलं भिजवलेले मूग सोलून बघत होती. नेमके तेव्हाच पाहणीचे साहेब मुख्याध्यापकांसोबत दारात आले. बोर्ड बंद का, म्हणाले. त्यांना फोटो हवा होता, लगेच चालू करा.

ताई म्हणाल्या, "सर, अभी चलाया तो जवाब दिख जाएगा. फिर सोचेगा कौन? थोड़ा रुकिए."

साहेब थांबले नाहीत. बोर्ड वापरत नाहीत, असा शेरा मारून गेले. वापरत नाहीत! शाळेत तो धड वापरणारी एकच बाई, आणि तिच्याच माथी हे खापर. महिन्याभरात ताईंची बदली झाली, पार देवास जिल्ह्यात, बागलीकडे. तिथल्या शाळेत बोर्डच नव्हता. मी मुख्याध्यापकांशी जाऊन भांडलो. ते म्हणाले, "रहने दो भिया, ऊपर की बात है." कसली वरची बात? ते मूग यांनीही डोळ्यांनी पाहिले होते.

ताई रडल्या-बिडल्या नाहीत. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "पोरांची बोलायची सवय मोडू देऊ नका हो."

परवा शेजारच्या वर्गात हृदयाची फिल्म लागली होती. ताईंच्या जागी आलेले नवे सर मोबाईलवर. एका मुलीचा आवाज आला, "सर, थोड़ा रोकिए ना, हमें सोचना है." सरांनी मान वर न करता तिला गप्प बसवलं. माझं डोकंच सणकलं. गणित फळ्यावर अर्धं टाकून मी त्या वर्गात शिरलो आणि बटण दाबलं. सर उठून उभे राहिले, मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"परदा चुप," मी म्हणालो. "अब तुम बोलो."

ती मुलगी बोलायला लागली.