मार्कंड्याच्या जत्रेत मिळालेली साक्ष

सुनंदाने मला कायमचं कॅनडाला बोलवायचं ठरवलं, तेव्हा आता उरलेलं आयुष्य लेकीजवळ जाईल म्हणून मी निर्धास्त होते. पण काही महिन्यांनी तिकडच्या कचेरीने विचारणा केली. सुनंदाच्या शाळेच्या दाखल्यावर आईवडील वेगळेच दिसतात, मग ही बाई तिची कोण? आई असेल तर पुरावा द्या. मावशी असेल तर बोलावता येणार नाही.

सुनंदा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण दुसऱ्या बाळंतपणात गेली. आम्हा नवराबायकोला मूल नव्हतं. वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या महादेवाच्या देवळात, महाशिवरात्रीच्या दिवशी, तिच्या वडिलांनी देवासमोर तिला माझ्या ओटीत घातलं. कागद करून ठेवावा हे तेव्हा कोणाला सुचलं नाही. आता आमचे हे गेले, तिचे वडील गेले, विधी करणारे महाराजही गेले. मूल गावचे वकील म्हणाले, "बाई, दत्तक झालं हे मले पटते. पर डोळ्यांनी पाहणारं कोणी पाहिजे नं."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तांदूळ निवडायला बसले की मधेच उठायचे, दारात जाऊन उगाच रस्त्याकडे पाहायचे. शेजाऱ्यांकडे सुनंदाचा फोन यायचा. "आई, काऊन एवढी काळजी करून राह्यली? होते सारं बरोबर," ती म्हणायची. तिच्या तोंडचा तो 'आई' शब्द कोणी माझ्याकडून काढून घेईल अशी धास्ती वाटायची. पूजेत मन लागेना. तुझ्यासमोरच घेतली होती ना, मग आता तू गप्प का, असं मी देवाशी रोज भांडत होते.

महाशिवरात्रीला एसटीने मार्कंड्याला गेले. मागायचं पुष्कळ ठरवलं होतं, पण पिंडीवर हात टेकला आणि तोंडून एवढंच निघालं, "पोर तूच दिली होती. जवळ ठेव नाहीतर दूर ठेव. मला आता झेपत नाही."

बाहेर आले. एका बांगड्यांच्या दुकानाच्या सावलीत बसले आणि रडू आवरेना. दुकानातल्या म्हाताऱ्या फातमाबींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "काय झालं बाई? सांगून टाका, हलकं वाटते." मी सारं सांगत गेले. ओटीत घेतल्याचं सांगितलं तशा त्या एकदम थबकल्या.

"त्या रोजी पोरगी लय रडून राह्यली होती का? तिचा बाप तिले घेऊन इथीच उभा होता का?"

मी मान डोलावली.

"मीच तिले मांडीवर बसवून बांगड्या भरल्या, चूप व्हावी म्हणून. मले म्हणे, तू माई आई होतेस का? मी म्हटलं, नाई बेटा, तुई आई तिथी पाटावर बसली, पाह्य. मंग मीच तिचा हात धरून तुमच्यापाशी आणली. ओटीत घालतवरी तिथीच उभी होती. असं लेकरू भूलते का कोणी?"

मी तेव्हा पाटावर विधीत गुंतले होते; त्या क्षणापर्यंत हे मला ठाऊकच नव्हतं. सुनंदाने आई मागितली होती आणि एका परक्या बाईने माझ्याकडे बोट दाखवलं होतं.  मी त्यांचे हात धरले आणि हेच वकिलांपुढे सांगाल का, असं विचारलं.

वकिलांपुढे फातमाबींनी शपथेवर सारं सांगितलं. नंतरही बराच काळ वाट पाहावी लागली, पण अखेर परवानगी आली आणि मी सुनंदाजवळ पोचले.

हा चमत्कार होता की योगायोग, मी कोणाशी वाद घालत नाही. स्वभाव काही पालटलेला नाही; नातवाला शाळेतून यायला उशीर झाला तरी माझी घालमेल होते, खिडकीपाशी येरझाऱ्या सुरू होतात. मग कधीतरी थांबते, हात जोडते. मागत काही नाही. तुझ्या हाती आहे, एवढं म्हणते आणि तेवढं म्हणता येतं हीच त्याची कृपा समजते.