व्याह्यांसाठी अंगणात वीज

आमच्या व्याह्यांइतका रूढीला चिकटून राहणारा आणि त्याच रूढीला उघड उघड बगल देणारा गृहस्थ अख्ख्या डहाणू तालुक्यात दुसरा नसेल. लेकीच्या सासरी मुक्काम करायचा नाही, तिथले पाणीही प्यायचे नाही, हा त्यांचा नेम; आणि गंजाडहून दर आठवड्याला माझ्याकडे गप्पांना यायचे, हाही नेमच. त्यांची लेक आणि माझा मुलगा २०१५ साली परदेशी गेल्यावर आम्हा दोघा विधुरांना बोलायला आपापल्या घरच्या भिंती उरल्या होत्या. तोडगा म्हणून त्यांनी शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली, तिच्यात खाट, शेगडी, पंखा आणि माठ बसवला, नियम दाखवणाऱ्या माझ्या पत्रांना कंटाळून नोंदणीतही रीतसर बदल करून घेतला आणि ते चालते घर माझ्या अंगणात आणून उभे केले. "वेवाई," गुजराती शेजाराच्या सवयीने ते मला, आपल्या व्याह्याला, म्हणत, "मी माझ्याच घरात झोपतो. तुमचं नुसतं अंगण."

पंखा मात्र माझ्या विजेवर फिरणार होता. "पाणी चालत नाही आणि वीज चालते?" मी कडाडलो. "पूर्वजांना वीज ठाऊकच नव्हती. मनाई करणार कोण?" न्यायालयातल्या उभ्या नोकरीत अशी पळवाट मी ऐकली नव्हती. त्यांनी ओसरीवरच्या बोर्डातून दोन पिनांची सुतळीसारखी वायर पपईच्या झाडावरून बसमध्ये ओढली होती. ती काढा, असे बजावायला मी बसच्या दाराची मूठ धरली आणि खांद्यापर्यंत झटका बसला. आतून आवाज आला, "झणझणलं का? गाडी अजून तुम्हाला ओळखत नाही!" मी जागच्या जागी लेखी नोटीस दिली. ती वाचून ते म्हणाले, "पत्र कशाला? मी इथंच आहे की."

मग मीच परवानाधारक वायरमन आणला. मुख्य बोर्डापासून बससाठी स्वतंत्र लाइन, जाड केबल, पावसात न भिजणारा झाकणाचा सॉकेट, गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी आणि जमिनीत खोल अर्थिंग. व्याह्यांना या साऱ्याची भक्तीच जडली. आल्याआल्या ते ईएलसीबीचे तपासणीचे बटण दाबत. 'टक' वाजले की प्रसन्न होत. माती कोरडी पडली की अर्थिंग निकामी होते, म्हणून स्वतःच्या माठातले पाणी त्या खड्ड्यात ओतत. "तुमचं पाणी माझ्या घशाला चालत नाही, माझं तुमच्या जमिनीला चालतं." बसच्या खिडकीत दिवा दिसला की मला शांत झोप लागे.

पुढे डोळ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांचे गाडी चालवणे बंद केले आणि बस गंजाडलाच राहिली. कायदा डॉक्टरांच्याच बाजूचा आहे, हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. परवा फोनवर मी म्हणालो, "रिक्षाने या आणि घरात झोपा."

"लेकीचं सासर हो ते."

"लेक आहे का इथे?" मी ओरडलो.

मग हळूच, "अर्थिंगला पाणी घातलंत?"

मी तांब्या घेऊन अंगणात गेलो, पाणी ओतले, फोन ईएलसीबीच्या डब्याजवळ धरून बटण दाबले. टक. कुठेच काही विझले नाही.

"छान वाजलं," ते म्हणाले. "एवढ्यात काढू नका हं."

वापरात नसलेली जोडणी काढून टाकावी, असा नियम आहे. तो मला तोंडपाठ आहे.