बाज्याच्या शेतातले पोपट

रमिलाबाई माझ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर कधी बसली नाही. सीट रिकामी असली तरी नाही. मागे दाराजवळ, किराण्याच्या पोत्याला टेकून बसणार आणि घाट लागला की डोळे गच्च मिटून घेणार. "बाई, पुढे ये, मागे उलटी होईल," मी ओरडायचो. ती हसायची आणि बसायची मागेच. आता अशा माणसाचं काय करायचं, सांगा! मी हेमकांत. मूळचा नंदुरबारचा, अक्कलकुवा ते मोलगी जीप चालवतो. माझं तोंड किती फटकळ आहे ते त्या रस्त्यावरच्या शेळ्यांनाही माहीत आहे. पण त्या बाईवर मला कधी मनापासून चिडता आलं नाही.

मोलगीच्या पुढे डांबर संपतं, तिथून वर तिचा पाडा. नवरा बाज्या. त्याचा आवाज आधी यायचा, माणूस मागून दिसायचा. उतारावर ज्वारीचं शेत, शेतात लाकडी मचाण, मचाणावर बाज्या. पोपटांचा थवा उतरला की तोंडाशी हात धरून अशी हाक टाकायचा, "होऽऽ ह्याऽऽ हुर्रऽऽ!", की थवा तर उडायचाच, वर माझ्या जीपमधल्या म्हाताऱ्याही दचकायच्या. खालच्या वळणावर मी हॉर्न दिला की मलाही तीच हाक.

"मी काय पोपट आहे का रे?" मी विचारायचो.

"पोपट बरे. ते भाडं मागत नाहीत," म्हणून दात काढायचा.

एरवी दरवर्षी दिवाळी झाली की ही दोघं ऊस तोडायला गुजरातेत जायची. पाड्यातलं प्रत्येक घर जातं. पण त्या वर्षी रमिलाबाईला दिवस गेले होते आणि ज्वारी अशी आली होती की बघत राहावं. बाज्यानं जाहीर करून टाकलं, यंदा कुठे जाणार नाही, होळीपर्यंत घरचं खाऊ, पोराचं तोंड बघत बसू. माझ्या जीपमध्ये बसलेल्या प्रत्येकाला त्यानं हे सांगितलं. ऐकून ऐकून माझे कान किटले. कणसात दाणा भरत होता तेव्हा रमिलाबाई बाळंतपणाला माहेरी गेली.

त्याच आठवड्यात नवनीत सर आले. पुण्याचे, सडपातळ, हळू बोलणारे. रानातले आवाज टिपून घ्यायचे, पाखरांचे, वाऱ्याचे, ओढ्याचे, किड्यांचे, आणि ते एकमेकांत गुंफून अंधाऱ्या हॉलमध्ये लोकांना ऐकवायचे, ही त्यांची कला. "चित्रकार रंग वापरतो, मी आवाज वापरतो," असं मला म्हणाले. त्यांच्या माइकवर दाट केसांचं आवरण होतं, मेलेल्या खारीसारखं. पाड्यातली पोरं ते बघून लोळून हसली. मी सरांना बाज्याकडे सोडलं आणि खाली आलो.

त्या दिवसांत वळणावर हॉर्न दिला तरी वरून उत्तर आलं नाही. मी म्हटलं, भेटले ना साहेब, आता आपल्याला कोण विचारतो! आठवड्यानं सरांना घ्यायला गेलो तर स्वारी एकदम खूश. अशी पहाट जन्मात ऐकली नाही म्हणाले. बाज्या त्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन खाली आला, आणि वर त्यांना काकड्याही बांधून दिल्या.

रमिलाबाई दिवाळीच्या तोंडावर लेकीला घेऊन परत आली, तेव्हा शेतात नुसती पोकळ कणसं उभी होती. "काय झालं?" तिनं विचारलं. "पोपटांनी खाल्लं," बाज्या म्हणाला आणि हसला. एवढंच. पुढे एक शब्द नाही. रविना, म्हणजे त्याची लेक, महिन्याचीही नव्हती. तिला चार दिवस मांडीवर घेऊन बसला आणि मग मुकादमाच्या ट्रकमध्ये चढला. घरात दाणाच नाही म्हटल्यावर करणार काय?

उसानं भरलेली ट्रॉली उलटली. बाज्या खाली होता. गाठोड्यासारखा बांधून आणला त्याला, आणि आणणाऱ्यांनी सांगितलं, बाई, उघडून बघू नको. तिनं बघितलं नाही. घरातला एकुलता एक मोबाइल तो बरोबर घेऊन गेला होता. तोही परत आला नाही.

नंतर दोन-अडीच वर्षं रमिलाबाई माझ्या जीपनं येत-जात राहिली, पोर कडेवर. बोलणं जवळजवळ बंद. आणि एके दिवशी, मोलगीचा बाजार करून वर जाताना, ती आपण होऊन पुढच्या सीटवर येऊन बसली.

"दादा, पोरं सांगतात तो केसाळ डब्बा घेऊन आलेला माणूस. त्यानं आमच्या शेतात आवाज घेतले ना?"

"घेतले की. आठवडाभर घेतले."

"मग त्यात रविनाच्या बापाचा असेल." नवऱ्याचं नाव ती घेत नसे. "तोंड आठवतं मला. आधार कार्डावर पण आहे. आवाज नाही येत. किती कान लावला तरी नाही येत. या पोरीला एकदा ऐकवायचाय. मी नुसतं सांगून तिला काय कळणार?"

मी घरी येऊन हे बायकोला, दीपमालाला, सांगितलं. म्हटलं, कुठे पुणं, कुठे ती बाई, मी कुठे तो माणूस शोधत बसू? दीपमाला भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी तिले लई जा ना. तुमनं काय जास?" झालं. तिनं अहिराणीत 'घेऊन जा, तुमचं काय जातं' म्हटलं की आमच्या घरात त्याच्यापुढे अपील नाही.

पुण्याला जावं लागलंच नाही. मी फोन लावला तर सरांचा कार्यक्रम नंदुरबारलाच ठरला होता. बाज्याभाऊंनाही आणा म्हणाले. मी म्हटलं, बाज्या गेला. मग मी विचारलं, "बाज्याचं आहे ना त्यात? त्याच्या बायकोला ऐकायचंय." ते म्हणाले, "अहो, सगळी पहाट त्यांच्याच शेतातली आहे." मला वाटलं, चला, काम झालं. तसा निरोप मी वर देऊनही टाकला.

कार्यक्रम दुपारचा होता. हॉलला काळे पडदे, खाली सतरंज्या, चार कोपऱ्यांत माणसाएवढे स्पीकर. कॉलेजची पोरं होती, मास्तर लोक होते, व्यापाऱ्यांच्या बायका होत्या. रमिलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. पोरीच्या केसांना तेल चोपडलेलं. थेट स्पीकरच्या पुढ्यात जाऊन बसली, आवाज आला की पोरीला आधी ऐकू यावा म्हणून.

सर बोलायला उभे राहिले. "आता तुम्ही जे ऐकाल, त्यात माणसाचा एकही आवाज नाही," ते म्हणाले. मी वळून रमिलाबाईकडे बघितलं. "हे शेत बाज्याभाऊंचं. ते रोज पहाटे हाका मारून पोपट उडवायचे. मी त्यांना एकदाच विनंती केली, आणि तो माणूस आठवडाभर मचाणावर तोंड मिटून बसला. आज ते आपल्यात नाहीत. ही शांतता ही त्यांची भेट आहे." सर हे अगदी मनापासून बोलत होते. माणूस वाईट नव्हता हो, तेच तर! वाईट असता तर तिथल्या तिथे दोन लगावून मी मोकळा झालो असतो.

पाहुण्यानं मागितलं आणि नाही म्हटलं, असं वर पाड्यात होत नाही. पण अरे बाज्या, कणसात दाणा भरलेला, घरी बाळंतीण येणार, आणि तू पाहुण्यासाठी गप्प बसतोस? आणि सर, तुम्हाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की हा माणूस रोज ओरडतो तो कशासाठी? माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

"काय म्हणाला?" रमिलाबाईनं विचारलं. सरांची पुस्तकी मराठी तिला पुरती कळत नव्हती. आता तिला सांगणार कोण? मीच. फिरवाफिरव न करता सांगितलं. आवाज नाही. त्यानं गप्प बसायला सांगितलं, बाज्या गप्प बसला. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही. पोरीला मांडीवर नीट केलं.

"चल, निघू आपण," मी म्हटलं. तेवढ्यात दिवे गेले.

आधी ओढा वाजला. मग वारा, मग कुठलं तरी रातपाखरू. मग एक पोपट ओरडला, मग दहा, आणि बघता बघता अख्खा हॉल पोपटांनी भरून गेला. डोक्यावर पोपट, पाठीमागे पोपट. लोकांच्या तोंडून "वाऽ वाऽ" निघत होतं. पण माइक मचाणाच्या खांबालाच बांधलेला असणार, कारण त्या कलकलाटाखाली आणखी एक बारीक आवाज स्पष्ट येत होता. कट् कट्, कुर्र कुर्र. दाणे फुटत होते. बाज्याची होळीपर्यंतची भाकरी चालली होती, आणि तो वर तोंड मिटून बसलेला होता.

शेजारी काहीतरी हललं. रमिलाबाई उठून उभी राहिली होती.

"होऽऽ ह्याऽऽ हुर्रऽऽ!"

तीच हाक, बाज्याची. एवढ्याशा बाईच्या अंगात एवढा आवाज कुठून आला देव जाणे. "होऽऽ ह्याऽऽ हुर्रऽऽ!" पोपट काही उडाले नाहीत. ते खातच राहिले. ती आणखी मोठ्यानं ओरडली. रविना घाबरून रडायला लागली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग आहे! "गप बसा रे!" मी किंचाळलो, पण टाळ्यांत कोण ऐकतं?

सरांना मात्र कळलं. धडपडत जाऊन त्यांनी मशीन बंद केलं. पोपट गपकन थांबले, टाळ्याही विरल्या. दिवे लागले तेव्हा रमिलाबाई तशीच उभी होती, हात अजून तोंडाशी. सर पुढे आले, हात जोडून काहीतरी बोलायला लागले. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्या मुक्या स्पीकरकडे वळली. लग्नाच्या बायकोनं घरात नवऱ्याला रागवावं तशी, अगदी साध्या आवाजात बोलली.

"एक हाक मारायची होतीस रे तू. पाहुणा काही मेला नसता."